स्पेनचें सैन्य व कॅटलोनियाची स्वायत्तता : एका कलमाची पाठपरंपरा

(१) विषयप्रवेश

राज्यघटनेंतील एखादें कलम वाचतांना तें जणूं त्याच दिवशीं जन्मास आलें असें समजून वाचण्याचा सामान्य प्रघात आहे. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस ही रीत मानवणारी नाहीं. सनदेचा मायना पूर्वीच्या सनदेंतून येतो. धनी बदलतो, शिक्का बदलतो, पण मायना राहतो. आणि त्यांतील एखादा शब्द गळाला किंवा नवा शिरला, तर त्यामागें बहुधा कांहींतरी घडलेलें असतें. स्पेन देशाच्या इ. स. १९७८ च्या राज्यघटनेंतील आठवें कलम याच रीतीनें तपासून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

निमित्त असें कीं, ता. ६ जानेवारी २००६ रोजीं सेव्हिल येथें सैन्याच्या वार्षिक समारंभांत होसे मेना आग्वादो या लेफ्टनंट जनरलनें एक भाषण केलें. त्या वेळीं कॅटलोनिया प्रांताच्या नव्या स्वायत्तता-कायद्याचा मसुदा माद्रिदच्या संसदेपुढें होता. या मसुद्यानें घटनेची मर्यादा ओलांडली, तर आठवें कलम अमलांत आणावें लागेल, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. सरकारनें त्यास आठ दिवस घरीं स्थानबद्ध केलें व त्याच महिन्यांत पदावरून दूर केलें.

येथें शंका उत्पन्न होते. सेनानीनें आधार घेतला तो घटनेचाच. कलमाचा अर्थ त्यानें सांगितला तोच असेल, तर शिक्षा अन्यायाची ठरते. आणि तो अर्थ नसेल, तर उभा जन्म सैन्यांत घालविलेल्या मनुष्यास तो तसा कां दिसला, हें सांगितलें पाहिजे. दोन्ही प्रश्नांचें उत्तर पाठपरंपरेंत सांपडतें असें आमचें मत आहे.

(२) पूर्वपीठिका

कॅटलोनियाचा कारभार व सेनापतीचें पद यांची गांठ जुनी आहे. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धांत ता. ११ सप्टेंबर १७१४ रोजीं बार्सिलोना शहर पांचव्या फिलिपच्या सैन्यानें घेतलें. पुढें इ. स. १७१६ मध्यें जारी झालेल्या राजाज्ञेनें त्या प्रांताच्या जुन्या सभा व संस्था मोडण्यांत आल्या आणि राजाचा कॅप्टन जनरल, म्हणजे प्रांताचा सेनापति, हाच वरिष्ठ न्यायसभेसह कारभाराचा मुख्य झाला. प्रांतानें राजसत्तेकडे पाहिलें कीं त्यास प्रथम सैन्य दिसावें, अशी ही रचना होती. इ. स. १८४२ च्या डिसेंबरांत राज्यप्रतिनिधि जनरल एस्पार्तेरो यानें शहराचें बंड मोडण्याकरितां मोंजुइकच्या किल्ल्यावरून बार्सिलोनावरच तोफा डागविल्या. तेव्हां किल्ला परकीयांसाठीं कीं स्वकीयांसाठीं, असा संशय तेथील लोकांच्या मनांत राहिला असल्यास नवल नाहीं.

(३) चार प्रती

सैन्याचें कर्तव्य सांगणारें वाक्य स्पेनच्या कायद्यांत निरनिराळ्या काळीं आलेलें आहे. त्याच्या चार प्रती आम्ही येथें विचारांत घेतल्या आहेत.

‘अ’ प्रत इ. स. १८१२ च्या कादिझ येथील राज्यघटनेची. तींत ३५६ व्या कलमांत परचक्रापासून राज्याचें रक्षण व अंतर्गत शांततेचें जतन यांसाठीं कायमचें राष्ट्रीय सैन्य असावें, एवढेंच म्हटलें आहे.

‘आ’ प्रत इ. स. १८७८ च्या सैन्यरचनेच्या कायद्याची. त्याच्या दुसऱ्या कलमांत पितृभूमीचें स्वातंत्र्य राखणें आणि बाहेरच्या व आंतल्या शत्रूंपासून तिचें रक्षण करणें, हें सैन्याचें पहिलें व श्रेष्ठ कार्य म्हणून सांगितलें आहे.

‘इ’ प्रत जनरल फ्रँको याच्या एकतंत्री अमलांतील इ. स. १९६७ च्या मूलभूत कायद्याची. तिच्या ३७ व्या कलमांत सैन्य हें पितृभूमीची एकता व स्वातंत्र्य, तिच्या प्रदेशांची अखंडता, राष्ट्राची सुरक्षितता व संस्थात्मक व्यवस्थेचें रक्षण यांची हमी देतें, असें आहे.

‘ई’ प्रत इ. स. १९७८ च्या घटनेची. आठव्या कलमाप्रमाणें स्पेनचें सार्वभौमत्व व स्वातंत्र्य यांची हमी देणें आणि त्याची प्रादेशिक अखंडता व घटनात्मक व्यवस्था यांचें रक्षण करणें, हें सैन्याचें कार्य आहे.

आतां पाठभेद पाहावे. ‘अ’ मध्यें ‘अंतर्गत शांतता’ होती. ‘आ’ मध्यें तिच्या जागीं ‘आंतले शत्रु’ आले. शांतता ही एक स्थिति आहे. शत्रु ही व्यक्ति आहे, आणि ती कोण हें कोणीतरी ठरवावें लागतें. ‘इ’ मध्यें ‘एकता’ हा नवा शब्द आरंभींच आला. ‘ई’ मध्यें तो या कलमांतून गळाला, ‘पितृभूमि’ जाऊन ‘स्पेन’ आलें, आणि ‘संस्थात्मक’ जाऊन ‘घटनात्मक’ आलें. हे फरक लेखकाच्या हातचुकीचे नव्हेत. प्रत्येकामागें इतिहास आहे; तो संक्षेपानें देतों.

(४) ‘आंतले शत्रु’ कसे आले

इ. स. १८७३ च्या फेब्रुवारींत स्पेनमध्यें प्रजासत्ताक स्थापन झालें. देशाचीं १७ संस्थानें करून त्यांचा संघ बनवावा, असा घटनेचा मसुदा त्याच वर्षीं तयार झाला. परंतु तो मंजूर होण्यापूर्वींच कार्ताखेना वगैरे शहरांनीं आपापलीं स्वतंत्र मंडळें जाहीर करून बंड केलें. आंदालुसियांतील हीं बंडें मोडणारा जनरल पाव्हिया यानें ता. ३ जानेवारी १८७४ रोजीं शिपाई पाठवून संसदच रिकामी करविली. त्या वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका सेनानीच्या घोषणेनें राजघराणें परत आलें. इ. स. १८७६ मध्यें बास्क प्रांतांचे जुने विशेष हक्कही रद्द झाले. ‘आ’ प्रत लिहिली गेली ती यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं. ‘आंतले शत्रु’ म्हणजे कोण, हें त्या काळच्या वाचकास विचारावें लागलें नसेल.

(५) हवानाहून बार्सिलोनास

क्यूबा बेटास स्वायत्तता देण्याचा हुकूम इ. स. १८९७ च्या नोव्हेंबरांत निघाला व नवें मंत्रिमंडळ १ जानेवारी १८९८ रोजीं अधिकारावर आलें. त्याच महिन्याच्या १२ तारखेस हवाना शहरीं स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांवर हल्ले केले. त्या वर्षीं अमेरिकेशीं युद्ध होऊन क्यूबा, प्वेर्तो रिको व फिलिपाइन्स हीं तिन्ही गेलीं. सैन्य मायदेशीं परतलें तें ‘स्वायत्तता ही फुटीची पहिली पायरी’ असा धडा घेऊन. वस्तुतः क्यूबास स्वायत्तता मिळाली ती बंड पेटून अडीच वर्षांवर काळ लोटल्यानंतर; परंतु पराभूत सैन्य अशा कालगणनेंत सहसा शिरत नाहीं.

पुढें सात वर्षांनीं तोच प्रकार बार्सिलोनांत घडला. कॅटलन पक्षानें नगरपालिकेची निवडणूक जिंकली, तेव्हां ‘कू-कूट’ या विनोदी साप्ताहिकानें सैन्याच्या पराजयांवर टोमणा मारणारें एक व्यंगचित्र छापलें. ता. २५ नोव्हेंबर १९०५ रोजीं रात्रीं लष्करी अधिकाऱ्यांनीं त्या साप्ताहिकाच्या व ‘ला वेऊ दे कातालुन्या’ या दैनिकाच्या कचेरीची मोडतोड केली. हल्लेखोरांस शासन व्हावयाचें तें बाजूस राहून मंत्रिमंडळच पडलें, आणि ता. २३ मार्च १९०६ रोजीं एक नवा कायदा झाला. त्यानें राष्ट्र व निशाण यांच्या अवमानास शिक्षा ठरविल्या आणि सैन्याच्या अवमानाचे खटले लष्करी न्यायालयांकडे सोंपविले. म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश झाला. हा कायदा इ. स. १९३१ पर्यंत टिकला.

फळ काय झालें? एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे कॅटलन पक्ष या कायद्याविरुद्ध एकत्र आले आणि इ. स. १९०७ च्या निवडणुकींत प्रांताच्या ४४ जागांपैकीं ४१ जागा त्यांनीं जिंकल्या. इ. स. १९१४ मध्यें प्रात दे ला रीबा याच्या अध्यक्षतेखालीं चारही जिल्ह्यांचें संयुक्त मंडळ उभें राहिलें.

(६) दोन सेनानी

ता. १३ सप्टेंबर १९२३ रोजीं प्रिमो दे रिव्हेरा यानें राज्य हातीं घेतलें, तें बार्सिलोनाहूनच. कारण तो कॅटलोनियाचा कॅप्टन जनरल होता. पांच दिवसांत फुटीरपणाविरुद्ध हुकूम निघाला व असले खटले लष्करी न्यायालयांकडे गेले, इ. स. १९२५ मध्यें संयुक्त मंडळही मोडण्यांत आलें. परंतु इ. स. १९३१ मध्यें प्रजासत्ताक येतांच स्वायत्ततेची मागणी पहिल्याहून मोठी होऊन पुढें आली. तिचा कायदा संसदेंत रेंगाळत असतां ता. १० ऑगस्ट १९३२ रोजीं जनरल सान्हुर्हो यानें उठाव केला. तो फसला, आणि जो कायदा तो अडवूं पाहत होता तो महिन्याभरांतच, ९ सप्टेंबर रोजीं, मंजूर झाला.

याच्या उलट उदाहरण जनरल दुमेनेक बातेत याचें आहे व तें आमच्या मतें या सर्व इतिहासांत अधिक मननीय आहे. ता. ६ ऑक्टोबर १९३४ रोजीं प्रांताध्यक्ष लुईस कुंपानिस यानें ‘स्पॅनिश संघ-प्रजासत्ताकांतील कॅटलन राज्य’ घोषित केलें. ही गोष्ट घटनेबाहेरची होती यांत शंका नाहीं. बातेत हा स्वतः कॅटलन, आणि तेथील सैन्याचा मुख्य. त्यानें मंत्रिमंडळाचा हुकूम घेऊन सैन्य बाहेर काढलें, परंतु शक्य तितका संयम ठेवला. दुसऱ्या दिवशीं पहाटे बंड संपलें व शहर मोठ्या रक्तपातांतून वांचलें. पुढें इ. स. १९३६ च्या जुलैमध्यें बुर्गोस येथें असतां बंडखोर सेनानींस सामील होण्याचें त्यानें नाकारलें. त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनीं त्यास कैद केलें आणि ता. १८ फेब्रुवारी १९३७ रोजीं त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. ज्यानें फुटीचा प्रयत्न मोडला, त्यासच एकतेचें नांव घेणाऱ्यांनीं मारलें! त्यांस हवी होती ती केवळ एकता नव्हे. एकता कोणीं राखावयाची, हा हक्क त्यांस हवा होता, असें यावरून स्पष्ट होतें. कुंपानिस यासही फ्रँकोच्या राजवटीनें ता. १५ ऑक्टोबर १९४० रोजीं त्याच मोंजुइकच्या किल्ल्यांत मारलें. स्वायत्ततेचा कायदा इ. स. १९३८ मध्येंच रद्द झाला होता. ‘इ’ प्रतींतील ‘एकता’ हा शब्द या युद्धाच्या शाईनें लिहिलेला आहे.

(७) शेवटची प्रत व तिची कसोटी

फ्रँको इ. स. १९७५ मध्यें वारला. नवी घटना लिहिणारांनीं ‘एकता’ पुसून टाकली नाहीं. ती त्यांनीं दुसऱ्या कलमांत नेली, आणि तेथें तिच्या शेजारीं निरनिराळ्या राष्ट्रकांचा व प्रांतांचा स्वायत्ततेचा हक्क ठेवला. सैन्याच्या कलमांत त्यांनीं ‘घटनात्मक व्यवस्था’ हा शब्द घातला. म्हणजे सैन्यानें जिचें रक्षण करावयाचें, तिच्यांत स्वायत्तताही आली. हा पालट सर्वांस रुचला नाहीं. ता. २३ फेब्रुवारी १९८१ रोजीं लेफ्टनंट कर्नल तेखेरो सशस्त्र शिपायांसह संसदेंत घुसला व व्हॅलेन्सियांत कॅप्टन जनरल मिलान्स देल बोश यानें रणगाडे रस्त्यावर आणले. राजा हुआन कार्लोस यानें रात्रीं दूरचित्रवाणीवरून घटनेची बाजू घेतली व बेत फसला. तेखेरो, मिलान्स व जनरल आर्मादा यांस पुढें ३० वर्षांच्या शिक्षा झाल्या.

तथापि हा उठाव सर्वथा निष्फळ झाला असें म्हणतां येत नाहीं. इ. स. १९८२ मध्यें स्वायत्ततेची गति आवरणारा कायदा दोन्ही प्रमुख पक्षांनीं संगनमतानें केला, त्यावर त्या रात्रीची छाया होती. तो कायदा आवरला तो घटना-न्यायालयानें. इ. स. १९८३ च्या ऑगस्टांतील निकालानें त्यांतील बराच भाग अवैध ठरला.

(८) अर्थनिर्णय

मीमांसकांचा नियम असा कीं, वाक्य एकटें वाचूं नये. उपक्रम, उपसंहार व प्रकरण पाहून एकवाक्यता करावी. या नियमानें पाहतां आठवें कलम सैन्याचें कार्य सांगतें. परंतु तें केव्हां व कोणाच्या आज्ञेनें करावें, हें सांगत नाहीं. तें सांगणारें कलम ९७ वें आहे, आणि त्यांत मुलकी व लष्करी कारभार आणि देशाचें संरक्षण यांचें सूत्र सरकारच्या हातीं दिलें आहे. प्रांतानें कर्तव्य सोडलें तर काय करावें, हें १५५ व्या कलमांत वेगळें सांगितलें आहे. तेथें सरकारनें वरिष्ठ सभेच्या पूर्ण बहुमताची संमति घ्यावी असें आहे, आणि सैन्याचें नांवही नाहीं. विशेष विधि असतां सामान्य वाक्यावरून दुसरा विधि कल्पिणें हें शास्त्रास संमत नाहीं. तेव्हां मेना आग्वादो यानें ‘ई’ प्रत हातीं धरून ‘इ’ प्रतीचा अर्थ सांगितला, असें म्हणावें लागतें. शिक्षा न्याय्य होती. आणि त्याची समजूत तशी कां झाली, याचें कारणही आतां कळतें. मायना बराचसा तोच होता. बदललेले शब्द थोडे, पण मर्माचे होते.

(९) निष्कर्ष

ज्या मसुद्यानें त्या सेनानीस चिंता वाटली, तो संसदेंत दुरुस्त झाला, ता. १८ जून २००६ रोजीं लोकमतानें मंजूर झाला, आणि पुढें ता. २८ जून २०१० रोजीं घटना-न्यायालयानें त्यांतील १४ कलमें सर्वस्वीं अथवा अंशतः रद्द केलीं. हा निकाल कॅटलन लोकांस फार झोंबला, व इ. स. २०१७ चा पेंच त्याच असंतोषांतून वाढला. ता. १ ऑक्टोबर २०१७ च्या मतदानाच्या वेळीं पोलिसांनीं बळ वापरलें, त्यावर टीकाही झाली, परंतु सैन्य बराकींतच राहिलें, आणि २७ ऑक्टोबरास जें कलम लागू झालें तें १५५ वें, आठवें नव्हे. वाद त्यानें मिटला नाहीं. पण इ. स. १८४२, १९०५ अथवा १९२३ मधील सेनानींनीं तरी तो कोठें मिटविला होता? त्यांच्या प्रत्येक हस्तक्षेपानंतर मागणी अधिक बळावून परत आली, हें वरील तारखाच सांगतात.

राज्याची एकता ही थोर वस्तु आहे, आणि ती राखण्यास प्रसंगीं बळही लागतें. बातेत यानें तें वापरलें. परंतु आज्ञा देणारा कोण, हें ज्या सनदेंत लिहिलें आहे ती सनद संपूर्ण वाचावी लागते. अर्धी सनद वाचून मुलूख बळकावल्याचीं उदाहरणें आपल्या दप्तरांतही थोडीं नाहींत. तेव्हां या कलमाची कथा दूरदेशची असली, तरी संशोधकांस ती परकी वाटूं नये. इत्यलं विस्तरेण.