अक्षर कोरणारे हात

पाथरवट, तांबट आणि सोनार या आपल्या पांचाळ बांधवांची विद्या एकच, ती कोरण्याची. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे इ. स. १२४० चा शिलालेख आहे. यादवनृपती सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा पुत्र राम गुजरातवरील स्वारीत धारातीर्थी पडला. भगिनी लक्ष्मीने त्याच्या स्मरणार्थ मंदिर उभारून ती हकीकत पाषाणावर कोरविली. यादवांचे राज्य लोपले, अक्षर राहिले.

तांब्यावरील कामाचा दाखला पुण्याचा. नाना फडणविसांच्या प्रेरणेने एका तांबटाने गीता ताम्रपत्र्यांवर कोरावयास घेतली. १८०० साली नाना निवर्तले. ते कार्य मिरजेस जाऊन १८०५ साली गीता छापून निघाली. छापावयाचे अक्षर उलटे कोरावे लागते. ती दृष्टी सरावानेच येते.

आता हवेच्या दाबावर चालणारी कोरणी आली आहे. तिच्या मुठीतील लहानसा दट्ट्या झपाट्याने ठोके देतो. हातोडीचे श्रम वाचतात. परंतु टोकास धार लावणे, कोन राखणे, वळण साधणे हे हातासच शिकावे लागते. तरुणांनी नवे साधन अवश्य घ्यावे. मात्र प्रथम वडीलधाऱ्यांजवळ बसून सरळ रेघ साधावी आणि त्यांची नावे वहीत नोंदवावीत. इतरांची नावे कोरणाऱ्या ज्ञातीने स्वतःची विसरू नयेत.