वर्ग मोठे का झाले?

विद्यालयाचा वर्ग वाढला की मागणी वाढली, शुल्काचे उत्पन्नही वाढले, असा तर्क सहज केला जातो. व्यवसायशिक्षणाच्या बाबतीत तो पुष्कळदा खराही ठरतो. परंतु भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या इतिहासातील एक मोठी वाढ बाजारातून आली नाही. ती एका कायद्यातून आणि साध्या त्रैराशिकातून आली.

अहमदाबाद व कलकत्ता येथील पहिल्या दोन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने प्रकरणाभ्यासाची पद्धत स्वीकारली. एखाद्या कारखान्याचा वा पेढीचा खराखुरा पेच वर्गापुढे ठेवावयाचा आणि वादविवादातून निर्णय शोधावयाचा, असे तिचे स्वरूप. तेथे प्रत्येकास बोलता आले पाहिजे. म्हणून वर्ग आटोपशीर असणे अगत्याचे.

संसदेने २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखून ठेवणारा कायदा केला. अनुसूचित जाती व जमातींच्या २२.५ टक्के जागा धरून हे प्रमाण ४९.५ टक्के झाले. मात्र खुल्या जागांची पूर्वीची संख्या घटू नये, असेही त्याच कायद्यात होते. शंभरांपैकी पूर्वी ७७.५ जागा खुल्या होत्या. तेवढ्याच जागा आता एकूण संख्येच्या ५०.५ टक्के व्हावयाच्या, तर एकूण जागा सुमारे १५४ हव्यात. वाढ ५४ टक्के! सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००८ रोजी, उन्नत व प्रगत गट वगळून, हे आरक्षण वैध ठरविले आणि वाढ टप्प्याटप्प्याने अमलात आली. २०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा ठेवताना याच हिशेबाने आणखी सुमारे २५ टक्के वाढ ठरली.

कोणाचे पान मागे घ्यावयाचे नाही आणि नव्यांनाही बसवावयाचे, तर पंगतच वाढवावी लागते. येणारे पाहुणे नव्हते, हक्कदार होते. पण पंगत वाढली की वाढपीही हवेत. जागा कलमाने वाढतात. शिक्षक घडावयास वर्षे लागतात. वर्गाच्या तुकड्या पाडता येतात, वसतिगृहे बांधता येतात. शिक्षकाचे लक्ष मात्र तसे विभागता येत नाही.

तरीही या वाढीने एक गोष्ट साधली. जेथे चर्चा हेच अध्यापन, तेथे विद्यार्थ्याचा जीवनानुभव हेच पाठ्यपुस्तक. गिरणीच्या हिशेबवहीकडे मालकाच्या बाजूने पाहणाऱ्यांशेजारी मजुराच्या घरून आलेला तरुण बसला, तर वर्ग केवळ मोठा होत नाही. त्याच्यापुढील प्रश्नही अधिक खरा होतो.