कोविड-१९ मृत्यूंची आकडेवारी व लोकांचा अविश्वास (भारत)

भारतात २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविड-१९मुळे नेमकी किती माणसे दगावली, यावरून सरकार, संशोधक, वृत्तपत्रे आणि नागरिक यांच्यात उभा राहिलेला वाद. २०२१ अखेर अधिकृत मृत्युसंख्या सुमारे ४.८१ लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच काळासाठी ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला. या तफावतीबरोबरच साथीची भीती, अफवा आणि समाजमाध्यमांवरील मजकुरावर आलेली बंधने यांमुळे हा वाद केवळ संख्याशास्त्राचा न राहता शासनाच्या विश्वासार्हतेचा झाला.

पूर्वपीठिका : साथीच्या आकड्यांवरील अविश्वास महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण टाळण्यासाठी अनेक कुटुंबे रुग्ण, प्रसंगी मृत्यूही लपवत. त्यामुळे नोंदी मुळातच अपुऱ्या राहिल्या. पुण्यातील प्लेग मोहिमेचा प्रमुख रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळीबार झाला आणि त्यानंतर ‘केसरी’तील लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च २०२० मध्ये राज्यांनी कोविडविरुद्ध वापरला तो हाच १८९७चा कायदा. १९१८च्या इन्फ्लुएंझात किती बळी गेले याचा अंदाजही पुढे मुख्यतः जनगणनेच्या आधारे बांधावा लागला. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११च्या तुलनेत घटलेली आढळली.

मोजणीतील अडचणी : भारतात मृत्यूची नोंदणी १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार होते. मृत्यू नोंदला जाणे आणि त्याचे कारण डॉक्टरने प्रमाणित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. गावाकडे घरी मरण पावलेल्या, चाचणीच न झालेल्या माणसाचा मृत्यू ‘ताप’ किंवा ‘श्वास लागून’ एवढ्याच कारणाने नोंदला जाई. रोजच्या सरकारी पत्रकात मात्र प्रामुख्याने चाचणीने निश्चित झालेल्या रुग्णांचेच मृत्यू येत. सहव्याधी असलेल्या रुग्णाचा मृत्यू कोविडमुळे की कोविड असताना, हा प्रश्नही होताच. महाराष्ट्राच्या पत्रकात बाधित रुग्णांच्या ‘इतर कारणांमुळे’ झालेल्या मृत्यूंसाठी वेगळा रकाना होता. तो शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय असला तरी संशयाला वाव देणारा ठरला.

संशयाच्या दोन दिशा : लोकांचा संशय एकाच बाजूचा नव्हता. एका गटाला आकडे फुगवलेले वाटत. ‘कोरोना वगैरे काही नाही’, ‘दवाखाने पैशासाठी पॉझिटिव्ह दाखवतात’, ‘मृतदेह पिशवीत बांधून देतात कारण आतले अवयव काढलेले असतात’ अशा अफवा गावोगाव फिरल्या. अवयवचोरीच्या अफवेला आधार नव्हता. पण नातेवाइकांना अखेरचे दर्शनही न देणारे अंत्यविधीचे नियम आणि खासगी रुग्णालयांची लाखोंची बिले यांनी तिला खतपाणी घातले. दुसऱ्या गटाला आकडे दडवलेले वाटत. स्मशानभूमीतील रांगा आणि संध्याकाळचे पत्रक यांचा मेळ बसत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पहिल्या गटाचे म्हणणे पुढील आकडेवारीत टिकले नाही. दुसऱ्याचे बव्हंशी टिकले.

महाराष्ट्रातील घडामोडी : जून २०२० मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईतील शेकडो मृत्यू नोंदीबाहेर राहिल्याचा आरोप केला. १६ जूनला राज्याने ताळमेळ घालून पूर्वीचे १,३२८ मृत्यू एकदम एकूण संख्येत मिळवले; त्यांतील ८६२ मुंबईचे होते. २० जुलै २०२१ रोजी अशाच फेरतपासणीत ३,५०९ जुन्या मृत्यूंची भर पडली. चूक दुरुस्त करून ती जाहीर करणे हे पारदर्शकतेचे लक्षण असले, तरी एका रात्रीत उडी मारणारा आकडा पाहून ‘आधी लपवले होते’ अशीच अनेकांची समजूत झाली. इतर राज्यांतही असे घडले. बिहारने जून २०२१ मध्ये जवळपास चार हजार मृत्यू एका दिवसात वाढवले.

ऑक्सिजनच्या प्रश्नाने अविश्वास टोकाला नेला. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीला गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही, असे उत्तर आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी राज्यसभेत दिले. नोंदीच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते, कारण त्यासाठी रकानाच नव्हता. आप्त गमावलेल्यांना मात्र ते घडलेले नाकारणारे वाटले.

भीती आणि मजकुरावरील नियंत्रण : ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खोट्या बातम्यांमुळे स्थलांतरित मजुरांत घबराट पसरल्याचे नमूद करून, माध्यमांनी अधिकृत माहितीचा संदर्भ घेऊन ती प्रसिद्ध करावी असा निर्देश दिला, साथीवरील मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचेही स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या मार्च २०२०च्या नियमांत कोविडविषयी माहिती प्रसृत करण्यापूर्वी आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेण्याची अट होती. मुंबई पोलिसांनी एप्रिलमध्ये व्हॉट्सॲप गटांच्या ॲडमिनना गटातील मजकुराबद्दल जबाबदार धरले. मे महिन्याच्या आदेशात तर शासकीय यंत्रणेविषयी अविश्वास निर्माण करणारा मजकूरही निषिद्ध ठरवला. अफवा आणि टीका यांतील सीमारेषा येथे पुसट झाली.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या आधारे ट्विटरला सुमारे पन्नास ट्वीट भारतात रोखण्यास सांगितले. त्यांत लोकप्रतिनिधी व चित्रपटकर्त्यांचे ट्वीटही होते. जुनी, असंबद्ध छायाचित्रे वापरून घबराट पसरवली जात असल्याचे सरकारचे म्हणणे होते. रोखलेल्या मजकुरात सरकारी हाताळणीवरील साधी टीकाही असल्याचे टीकाकारांनी दाखवले. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करणारा हॅशटॅग फेसबुकवर काही तास दिसेनासा झाला. ही चूक होती, सरकारने सांगितले नव्हते, असा खुलासा कंपनीने केला. ३० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने, समाजमाध्यमांवर ऑक्सिजन वा खाटांसाठी मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केल्यास ती न्यायालयाचा अवमान मानली जाईल, अशी तंबी राज्यांना दिली.

हा अनुभव भारतापुरता नव्हता. चीनच्या वुहानमधील डॉक्टर ली वेनलियांग यांना, नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध केल्यावरून, जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी समज दिली होती. पुढे १७ एप्रिलला वुहानने आपल्या मृत्युसंख्येत १,२९० मृत्यू वाढवले. विषाणू मानवनिर्मित असल्याचा दावा फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये निषिद्ध ठरवला आणि मे महिन्यात ती बंदी मागे घेतली. दावा सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर प्रश्न अनिर्णित होता म्हणून. अशा माघारीमुळे वाजवी नियंत्रणाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

अतिरिक्त मृत्यूंचे अंदाज : नेहमीच्या वर्षात अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्षात किती जास्त झाले, हे काढणारी पद्धत कारणाच्या नोंदीवर अवलंबून नसते. अभिषेक आनंद, जस्टिन सँडिफर व अरविंद सुब्रमणियन यांनी जुलै २०२१ मध्ये ३४ ते ४९ लाख, प्रभात झा व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये सुमारे ३२ लाख, तर ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने सुमारे ४१ लाख असे अंदाज दिले, प्रत्येकाचा कालखंड व आधारसामग्री वेगळी होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ४७ लाखांचा अंदाज जाहीर केला. नोंदणीची अधिकृत माहिती उपलब्ध असताना गणिती प्रतिमान वापरणे अयोग्य, असा आक्षेप भारत सरकारने घेतला.

सानुग्रह साहाय्य : जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य देण्याचा आदेश दिला आणि पुढे ५०,००० रुपये रक्कम ठरली. चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू, रुग्णालयाबाहेरचा असला तरी, कोविड मृत्यू मानला गेला. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात सुमारे १.४२ लाख अधिकृत मृत्यूंच्या तुलनेत २.१३ लाखांवर अर्ज आले. गुजरातमध्ये सुमारे दहा हजार मृत्यूंच्या तुलनेत ८९ हजारांवर. अर्जांत दुबार व अपात्र दावे होते, तरीही ही तफावत त्यातून पुरती उलगडत नाही.

मूल्यमापन : मे २०२५ मध्ये महानिबंधक कार्यालयाने २०२१ची नोंदणी प्रसिद्ध केली. त्या वर्षी देशात सुमारे १.०२ कोटी मृत्यू नोंदले गेले. २०२० मध्ये ते ८१.२ लाख होते. या २१ लाखांच्या वाढीत नोंदणी सुधारल्याचा व आदल्या वर्षी टाळेबंदीमुळे राहून गेलेल्या नोंदींचाही वाटा असू शकतो. पण २०२१ मधील अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांहून कमी होते. वैद्यकीय प्रमाणपत्रांवर कोविड हे कारण लिहिलेले मृत्यूच दोन वर्षांत ५.७४ लाख, म्हणजे अधिकृत संख्येपेक्षा जास्त भरले, आणि अशी प्रमाणपत्रे चारांपैकी तीन मृत्यूंना नव्हतीच. तेव्हा अधिकृत संख्या प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी होती, हे सरकारी नोंदींवरूनच दिसते; वाद उरतो तो किती पटींनी एवढाच. ही आकडेवारी साथ ओसरल्यावर तीन वर्षांहून अधिक काळाने हाती आली. दरम्यानच्या काळात मजकूर रोखण्याचे आदेश तातडीने निघाले, आकडे मात्र सावकाश आले; अविश्वास वाढण्याचे ते एक मुख्य कारण होते.