समास सोडून लिहावं

हप्ते, व्याज, बँक यांवर आपण नेहमीच बोलतो. आज ज्या वहीत हे सगळं लिहितो त्या वहीकडे बघू, आणि तिच्या निमित्तानं जरा जुन्या काळात जाऊन येऊ.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. पारोळ्याजवळच्या एका गटाची पहिली वही आम्ही लिहायचो. बी.ए. झालेल्या, अक्षर बरं, म्हणून काम आमच्याकडे आलं. कागद वाया जाऊ नये म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहायचं, रकमेचा रकाना अगदी उजव्या काठाला. ती वही धान्याच्या खोलीत फळीवर दोन पावसाळे राहिली. बाहेर काढली तेव्हा उंदरांनी काठ कुरतडलेला. एका मावशींच्या नावापुढे '१२' एवढंच उरलं होतं, पुढे कागदच नाही. मावशी म्हणाल्या, बाराशे भरले. बाकीच्या म्हणाल्या, एकशेवीस. मावशी अंगठा करणाऱ्या, त्यांच्याजवळ स्वतःचं टिपण कुठून असणार? दोन बैठका भांडणात गेल्या आणि मावशींनी गट सोडला.

त्याच दिवसांत गटातल्या एका ताईंच्या घरी लाल फडक्यात बांधलेली जुनी पोथी पाहायला मिळाली. तिचेही काठ झडलेले, हात लावला की भुगा पडायचा. पण अक्षर एकही गेलं नव्हतं. पानाच्या चारी बाजूंना चांगली दोन-दोन बोटं कोरी जागा सोडलेली होती, जे गेलं ते त्या कोऱ्या जागेतलंच. आम्ही पोथी बघत होतो आणि डोळ्यांपुढे आमची वही येत होती.

ही जागा सोडायची रीत आपोआप आलेली नाही, ती लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडे दासबोधाची पारायणं होतात. त्याच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. सतराव्या शतकातले रामदास त्यात एखाद्या कारागिरासारखे बोलतात. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. शाई सगळीकडे सारखी काळी हवी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत, जणू सगळं एकाच टाकानं लिहिलंय. पानावर आधी शिशानं रेघा आखाव्यात, ओळीला ओळ लागू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येणार नाही. आणि भोवतीची जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. पानाच्या कोऱ्या काठालाही आपण समासच म्हणतो, हे तेव्हा आठवून हसू आलं.

पुढे सामानाची यादीच आहे. घट्ट कागद आणावा, त्याला खळ लावावी, घोटून गुळगुळीत करावा. निरनिराळ्या मुलखांतले सरळ बरू जमवावेत. सुऱ्या, कात्र्या, हिंगूळ, शाईचा साठा हाताशी ठेवावा. हे वाचताना वाळवणाची तयारी करणाऱ्या बाईची आठवण होते. मात्र एक गोष्ट लपवायची नाही. हा समास सुरू होतो तोच ब्राह्मणानं अक्षर सुंदर करावं असं सांगत, आणि ज्याचं कौतुक व्हावं म्हटलंय तो पुरुष. आपल्या आज्या-पणज्या या यादीत कुठेच नाहीत. तरी रीत चांगली आहे ती आहे, आम्ही ती उचलली.

आणि हा सगळा इतिहास आपल्या रस्त्यावरच पडलेला आहे. आपल्या एस.टी.च्या वाटेवर धुळ्याहून जळगावला जाताना आधी पारोळा लागतं, मग एरंडोल. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवून तिथं जपली, समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मिकी रामायणही तिथंच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरं त्यांनी गोळा केली. १९२६ साली ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. एरंडोल तर एकेकाळी देशी कागदासाठी नावाजलेलं गाव, इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. आमचं पारोळं त्याच नोंदींत किल्ल्यासाठी येतं, तसंच गुरं, कापूस आणि लुगड्यांच्या व्यापारासाठी. लुगडी आमची, कागद शेजारचा, पण लेखणी कुणाच्या हातात होती?

ती होती कुलकर्ण्याच्या, कारकुनाच्या, चिटणिसाच्या हातात. पोथीची लिपी बाळबोध, म्हणजे आपण आज लिहितो तीच. रोजच्या कारभाराची लिपी मोडी. बाळबोधीत आधी अक्षर काढून मग वर रेघ देतात. मोडीत उलटं, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबती ठेवत जायची, बोरू शक्यतो न उचलता. वेग यावा म्हणून ही सगळी युक्ती. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडही मोडीत नाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या अक्षराची ख्याती आजही सांगतात. मोडीची शाळांतून शिकवणी थांबली आणि घरोघरची कागदपत्रं मुकी झाली. आमच्या गटांतल्या दोघींच्या घरी असे कागद आहेत. जमिनीचे असतील, लग्नाच्या देण्याघेण्याचे असतील, पूजेत ठेवलेत.

बाईच्या हाती पाटी यावी म्हणून सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात काय सोसलं ते आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण ते आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला बघा. जळगावशेजारच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या बोलत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व मावसभावानं ते टिपून घेतलं म्हणून उरलं. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कुणी टिपून घेतलं नाही अशा किती जणी असतील, त्याची वही कुठेच नाही.

तर आम्ही ठरवलं, अक्षर शिकायचं, आणि जुन्या रीतीनं शिकायचं. "त्यानं पैसे मिळणार का?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. प्रामाणिक उत्तर दिलं, बहुतेक नाही. तरी नऊ जणी आल्या. तालुक्यातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर शनिवारी दुपारी यायला तयार झाले. धातूचे टाक त्यांच्याकडे चार-पाचच होते. असे टाक एकेकाळी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून जगभर जायचे, हे त्यांनीच सांगितलं. बाकीच्यांसाठी आम्ही बांबूच्या कामट्या तासल्या. टोकाला तिरपा काप द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची म्हणजे शाई हळूहळू उतरते. विळीवर भाजी चिरणाऱ्या हातांना हे पहिल्याच दिवशी जमलं. सरांनी तीन कामट्या फुकट घालवल्या, आम्ही एक!

शाई मात्र रडवून गेली. तिळाच्या तेलाचा दिवा लावून वर तांब्याचं ताट पालथं धरलं, काजळ जमवलं. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात खलला. पहिल्या वेळी डिंक कमी पडला, वाळल्यावर अक्षर बोटाला लागून आलं. दुसऱ्या वेळी इतका झाला की लेखणी कागदाला चिकटली. तिसऱ्या खेपेला जमली, कारण आमच्यातल्या एकीनं तासभर नुसतं खलणंच सोडलं नाही. दौतीत चिंधीचा बोळा ठेवायचा ही सरांची जुनी युक्ती. लेखणी बोळ्यावर टेकवली की हवी तेवढीच शाई उचलते, दौत कलंडली तरी सांडत नाही. घरात लहान मूल असेल तर ही युक्ती सोन्याची समजा.

मग कित्ता. पहिले तीन शनिवार अक्षर नाहीच. नुसत्या उभ्या रेघा, आडव्या रेघा, अर्धा गोल, पूर्ण गोल. लेखणीचा कोन बदलायचा नाही. कोन धरून ठेवला की एका वळणावर रेघ आपोआप जाड होते, दुसऱ्यावर बारीक. अक्षराची शोभा एवढ्यातच आहे, वेगळी नक्षी काढावी लागत नाही. बॉलपेनला दाबायची सवय असल्यानं शिकलेल्यांनाच हे जड गेलं. आमचे तर दोन कागद फाटले. उलट ज्यांनी कधी पेन धरलं नव्हतं पण रोज सडा-रांगोळी करतात, त्यांचा हात हलका पडायचा.

मधल्या काळात त्या मावशींकडे आम्ही चार वेळा जाऊन आलो. काठापर्यंत लिहायची चूक आमची होती, हे गटासमोर कबूल केलं. शेवटी गटानं त्यांचा शब्द धरला आणि बाराशे जमा दाखवले. खरे किती होते ते वहीच सांगू शकली असती. या सगळ्यात वर्ष गेलं. मावशी परत आल्या, पण पहिले दोन शनिवार भिंतीला टेकून नुसत्या बघत बसल्या. तिसऱ्या शनिवारी कामटी हातात दिली तर म्हणाल्या, "मना हात थरथरस." सर म्हणाले, थरथरू दे, रेघ मोठी काढा. मोठी रेघ थरथरली तरी दिसत नाही, हे खरंच निघालं.

आता गटाची नवी वही आहे. रोजचा हिशेब बॉलपेननंच लिहितो, बैठकीत दौत-टाक घेऊन बसायला वेळ कुणाला आहे? पण पहिलं पान, जिथं सगळ्या सभासदांची नावं येतात, ते टाकानं लिहायचं ठरलं, आणि आपलं नाव जिचं तिनंच. चारी बाजूंना दोन बोटं जागा आधी आखून घेतली. पंधरा नावं लिहायला तीन बैठका लागल्या. मावशींचं नाव सातवं आहे. त्यांनी सुरुवात फार मोठ्या अक्षरात केली, शेवटची दोन अक्षरं मावेनात. आखलेल्या रेघेशी लेखणी आली तशी त्या थांबल्या आणि उरलेली अक्षरं खालच्या ओळीत लिहिली. रेघ ओलांडली नाही.