कोणता भाग अविस्मरणीय? दुपारच्या मालिका आणि बपेऱ्याची दुपार

१/ ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उत्तर भारतातील अनेक बाजारपेठा एका लग्नासाठी लवकर बंद झाल्या. वधूचे नाव बडकी, वर डॉ. अश्विनीकुमार. ही दोघेही प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती! दूरदर्शनच्या ‘हम लोग’ मालिकेतील ती पात्रे होती. मालिकांचे ‘अविस्मरणीय भाग’ नेमके ठरवते कोण, या प्रश्नाचा हा धागा.

२/ आरंभ साबणापासून. १९३० मध्ये शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर इर्ना फिलिप्स या लेखिकेची ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची कौटुंबिक कथा सुरू झाली. दुपारी घरी असणारी गृहिणी हाच या प्रकाराचा श्रोतृवर्ग. साबण विकणाऱ्या कंपन्यांना नेमके तेच ग्राहक हवे होते. त्यांनी पैसा पुरवला आणि या प्रकाराला ‘सोप ऑपेरा’ हे नाव चिकटले.

३/ म्हणजे कथेच्या आधी वेळ ठरली आणि वेळेमागे बाजार होता. मालिकेची रचनाही त्यातूनच घडली : संथ गती, झालेल्या गोष्टींची पुन:पुन्हा उजळणी आणि आठवड्याच्या अखेरीस टांगता ठेवलेला प्रसंग. चार भाग चुकले तरी प्रेक्षक हरवू नये, अशी ती बांधणी. मग अशा प्रवाहातून एखादाच भाग लक्षात का राहतो?

४/ पेरूमध्ये १९६९ साली ‘सिंप्लेमेंते मारिया’ ही मालिका आली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिया लिहायला-वाचायला शिकते, शिवणयंत्रावर पोट भरते आणि पुढे यशस्वी होते. तिच्या लग्नाच्या चित्रीकरणासाठी लिमा शहरात हजारो लोक चर्चबाहेर जमले. हे पाहून मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी निष्कर्ष काढला : मालिका जर शिवणयंत्रे खपवू शकते, तर साक्षरताही खपवू शकेल.

५/ साबिदोंच्या मेक्सिकोतील प्रयोगांचा धागा भारतात आणण्यात वर्ध्याचे खासदार आणि एकेकाळचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांचा मोठा वाटा होता. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, भागाच्या अखेरीस भाष्य करणारे अशोककुमार. प्रायोजक साबणाचा नव्हे, नूडल्सचा : ‘मॅगी’. ही मालिका दुपारची नव्हती, पण भारतीय मालिकांची वाट तिनेच पाडली.

६/ आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता, प्रेक्षक कंटाळले. उपदेश कमी झाला, घरातली सुखदु:खे वाढली आणि मालिका उचलली गेली. डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. या काळात प्रेक्षकांची लाखो पत्रे आली. आई भागवंती ही सोशिकतेचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी रचलेली व्यक्तिरेखा. पण अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! भागाचा अर्थ शेवटी प्रेक्षक लावतो, तो असा.

७/ भारतात दुपारची वेळ खऱ्या अर्थाने बहरली ती १९९४ च्या ‘शांती’पासून. मंदिरा बेदी यांनी साकारलेली पत्रकार नायिका चरित्रलेखनाच्या निमित्ताने एका प्रतिष्ठित हवेलीत शिरते. तिचा खरा हेतू असतो आपल्या आईवर झालेल्या अत्याचाराचा जाब विचारण्याचा. पुढच्याच वर्षी ‘स्वाभिमान’ आली. मराठीत दूरदर्शनच्या ‘दामिनी’ने हीच वाट धरली. प्रतीक्षा लोणकर यांची दामिनीही पत्रकारच.

८/ येथे एक तुलना आवश्यक ठरते. अमेरिकेच्या ‘जनरल हॉस्पिटल’मधील ल्यूक-लॉराचा विवाह नोव्हेंबर १९८१ मध्ये सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिला. ‘सर्वांत संस्मरणीय भागां’च्या याद्यांत तो आजही अग्रभागी असतो. पण १९७९ च्या कथानकात याच ल्यूकने लॉरावर बलात्कार केला होता. अत्याचार विसरायला लावणारा भाग तिथे संस्मरणीय ठरला. ‘शांती’ची संपूर्ण कथाच अत्याचार विसरण्यास नकार देण्यावर उभी होती.

९/ म्हणून लोकप्रियता हा निवडीचा एकमेव निकष असू शकत नाही. दुसरी अडचण साधनांची आहे. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा जगभर होती. सत्तरच्या दशकापर्यंतच्या अमेरिकी मालिकांचे असंख्य भाग असेच नाहीसे झाले. तेव्हा ‘सर्वोत्तम भाग’ म्हणजे अनेकदा ‘उरलेल्यांतील सर्वोत्तम भाग’.

१०/ तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती बपेऱ्यातून पाहिली की स्पष्ट दिसते. बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. हा सारा धानाचा मुलूख. जुलै-ऑगस्टमध्ये अशा गावांतील बाया रोवणीसाठी दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, उन्हाळ्यात तेंदूपाने. शहरी गृहिणीची निवांत दुपार इथे वर्षातले कितीतरी दिवस नसतेच.

११/ त्यात भारनियमनाची भर. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने ते दीर्घकाळ सोसले. पडद्यावरचा प्रसंग ऐन रंगात आला आणि वीज गेली, तर तो भाग ‘पाहिला’ असे म्हणायचे की नाही? सलग पाहणाऱ्यांच्या स्मृतीवर बेतलेली यादी ही त्यामुळे निवांतपणाची आणि विजेची यादी ठरते.

१२/ आणि तरीही मालिका इथे परक्या नव्हत्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा प्रदेश. धान घरात आले की इथे मंडईचे दिवस येतात आणि रात्रभर नाटके रंगतात. दंडार आणि खडीगंमत यांची परंपरा त्याहून जुनी. कौटुंबिक संघर्ष, करुण प्रसंग, मध्येच विनोद ही सामग्री या प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाची होती. फरक इतकाच की नाटक पिकाचे वेळापत्रक पाळत होते, मालिका प्रायोजकाचे.

१३/ मग निवड कशी करावी? भागाला तीन प्रश्न विचारावेत. तो पाहून प्रेक्षकांनी काय केले? बाजार बंद केला, पत्र लिहिले, की वाद घातला? त्याने काय लक्षात ठेवायला लावले आणि काय विसरायला? आणि तो पाहायला घरी कोण होते, कोण नव्हते? बडकीचे लग्न पहिल्या प्रश्नावर निर्विवाद टिकते. ल्यूक-लॉराचे लग्न दुसऱ्यावर अडखळते. तिसऱ्या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध यादी अपुरी पडते.

१४/ ती उणीव भरून काढण्याचे साधन अजून हाताशी आहे. ज्या स्त्रिया ‘शांती’ आणि ‘दामिनी’च्या काळात तरुण होत्या, त्या आज आजी झाल्या आहेत. कोणता प्रसंग आठवतो, तो कुणाच्या घरी पाहिला, कोणत्या कामामुळे पुढचे भाग राहून गेले, हे त्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवणे हे इतिहासाचेच काम आहे. पुसलेली फीत परत मिळत नाही. न विचारलेली आठवणही एक दिवस तशीच पुसली जाते.