फाशांच्या डावात ठरलेला हिस्सा कोणाचा?

१/ उमरग्याहून पूर्वेकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागते. आज ते कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आहे. अकराव्या शतकात मात्र ते 'कल्याणी' या नावाने चालुक्यांची राजधानी होते आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश त्यांच्याच राज्यात मोडत होता. या राजधानीत जुगाराविषयी जे लिहिले गेले, त्याच्या उजेडात आजच्या कॅसिनोतील फाशांचा खेळ अधिक स्पष्ट दिसतो.

२/ सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या संदर्भात तिचे नाव आजही निघते. मात्र तिच्या व्यवहाराध्यायात 'द्यूतसमाह्वय' नावाचे एक छोटे प्रकरणही आहे. फाशांसारख्या निर्जीव साधनांनी पण लावून खेळतात ते द्यूत. कोंबडे, एडके अशा प्राण्यांच्या झुंजीवर पैज लावतात तो समाह्वय.

३/ या प्रकरणातील मध्यवर्ती व्यक्ती खेळाडू नाही. ती आहे 'सभिक', म्हणजे द्यूतगृह चालवणारा. शंभर किंवा त्याहून अधिक जिंकणाऱ्याकडून त्याने जिंकलेल्या रकमेचा विसावा हिस्सा घ्यावा, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून दहावा. त्या बदल्यात राजाचा ठरलेला वाटा भरावा आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याला त्याचे पैसे द्यावेत.

४/ राजाचा वाटा पोचला असेल आणि खेळ सभिकाच्या देखरेखीखाली उघडपणे झाला असेल, तरच जिंकलेले पैसे राजा मिळवून देई. चोरून खेळलेल्या डावाची दाद नाही. कपटी फासे वापरणाऱ्याला डागून हद्दपार करावे, असा दंड होता. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, म्हणजे चोरांचा माग लागतो, हेही स्मृतिकाराने सांगून ठेवले.

५/ आता 'क्रॅप्स'कडे वळू. इंग्लंडमधील 'हॅझर्ड' या जुन्या खेळातून तो निघाला आणि एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्समधून अमेरिकाभर पसरला. साधन एवढेच: सहा बाजूंचे दोन फासे. त्यांच्या एकूण ३६ जोड्या होतात. ७ ची बेरीज सहा प्रकारांनी पडते, ६ आणि ८ प्रत्येकी पाच, ५ आणि ९ चार, ४ आणि १० तीन, ३ आणि ११ दोन, तर २ आणि १२ केवळ एकेका प्रकाराने.

६/ मूळ पैज 'पास लाइन'. पहिल्याच फेकीत ७ किंवा ११ पडले तर जीत. २, ३ किंवा १२ पडले तर हार. ४, ५, ६, ८, ९, १० यांपैकी काही पडले तर तो अंक 'पॉइंट' ठरतो. मग फासे पुन्हा पुन्हा टाकायचे: ७ च्या आधी पॉइंट पडला तर जीत, पॉइंटच्या आधी ७ पडला तर हार. म्हणजे पहिल्या फेकीत तारणारा ७ पुढे मारक ठरतो.

७/ जिंकल्यास जितके लावले तितकेच वर मिळतात. व्यवहार बरोबरीचा वाटतो. पण हिशेब केला तर सरासरीने ४९५ डावांत २४४ जिती आणि २५१ हारी येतात. दर डावाला १०० रुपये लावणाऱ्याचे एवढ्या डावांत सरासरी ७०० रुपये जातात: सुमारे १.४१ टक्के.

८/ उलट बाजूची पैज 'डोन्ट पास'. तिच्यात सुरुवातीला २ किंवा ३ पडल्यास जीत, पण १२ पडल्यास पैसे नुसते परत. या एवढ्याशा अपवादावर कॅसिनोचा सुमारे १.३६ टक्के हिस्सा उभा आहे. 'एनी सेव्हन' म्हणजे पुढच्याच फेकीत ७ पडेल अशी पैज. जिंकल्यास चौपट मिळते, न्यायाने पाचपट मिळायला हवे. येथे कॅसिनोचा हिस्सा तब्बल १६.६७ टक्के!

९/ आता सभिकाशी तुलना करावी. निम्मे डाव जिंकणाऱ्या खेळाडूने दर डावाला शंभर लावले, तर विसाव्या हिश्शाच्या हिशेबाने लावलेल्या रकमेपैकी अडीच टक्के सभिकाकडे जात. 'पास लाइन'चा हिस्सा त्याहून कमीच आहे. फरक आकड्याचा नसून दिसण्याचा आहे. सभिकाचा वाटा नियमात लिहिलेला होता आणि त्याच्याबरोबर कर्तव्येही बांधलेली होती. क्रॅप्सच्या पटावर 'किती मिळेल' ते छापलेले असते. 'किती मिळायला हवे' ते ज्याचे त्याने मोजायचे असते.

१०/ याज्ञवल्क्याचा मार्ग सर्वांना मान्य नव्हता. राजाने द्यूत आणि समाह्वय राज्यातून हद्दपारच करावेत, असे मनुस्मृती सांगते. बंदी की नियंत्रित परवानगी, हा वाद आजही मिटलेला नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीतील जहाजांवर परवान्याने कॅसिनो चालतात. एका राज्याने मनूची वाट धरली, दुसऱ्याने याज्ञवल्क्याची.

११/ या दोन्ही वाटांवर एका व्यक्तीला जागा नाही. तिची आठवण तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'ने जपली आहे. श्रीचक्रधरस्वामी संन्यासापूर्वी हरिपाळदेव असताना द्यूतात हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. त्या नकारातून आलेली विरक्ती पुढे त्यांच्या गृहत्यागास कारण ठरली.

१२/ सभिकाचा वाटा, राजाचा वाटा, जिंकणाऱ्याचा वाटा: शास्त्राने तिन्ही नेमून दिले. घरातल्या दागिन्यांचा धनी कोण, हे द्यूताच्या प्रकरणात कोठेच येत नाही. ते कमळाइसेने स्वतः ठरवले. तिने फासे हाती न घेता हिशेब ओळखला होता.