गाळणकागदाची करामत

शाळेत प्रयोग फसला, की “पुन्हा नीट करा” असे सांगून आपण मोकळे होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात, एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज या दोन जीवरसायनशास्त्रज्ञांचा एक साधा प्रयोग असाच फसला होता.

प्रश्न स्नायूंचा होता. स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. फॉस्फोरिलेज नावाचे विकर हा साठा फोडून ऊर्जेसाठी मोकळा करते. या विकराची दोन रूपे असतात, एक कार्यक्षम आणि एक सुस्त, हे कार्ल व गर्टी कोरी यांच्या प्रयोगशाळेत आधीच आढळले होते. सुस्त विकर जागे कसे होते, हे मात्र उलगडले नव्हते.

कोरींच्या पद्धतीत स्नायूंचा अर्क कागदातून गाळत. फिशर आणि क्रेब्ज यांनी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला, तर हाती आले फक्त सुस्त विकर! कागदातून गाळले की मात्र कार्यक्षम विकर मिळे. शोध घेता कळले, की कागदातले किंचित कॅल्शियम अर्कात उतरत होते. त्यामुळे अर्कातलेच दुसरे विकर, कायनेज, कामाला लागे आणि एटीपीमधला फॉस्फेट गट फॉस्फोरिलेजला जोडून देई. गट जोडला की बटण चालू, काढला की बंद. हे निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की स्नायू आकुंचन पावतानाही पेशीत कॅल्शियमच मोकळे होते. म्हणजे आकुंचनाचा जो संदेश, तोच इंधन फोडण्याचाही!

पुढे दिसून आले, की पेशींतले असंख्य संदेश याच बटणांवर चालतात. माणसात पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. आणि बटण बंदच झाले नाही तर? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून कायम चालू राहणारे एक कायनेज तयार होते आणि पेशी बेसुमार वाढतात. त्याला अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. फिशर व क्रेब्ज यांना १९९२ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते.

म्हणून प्रयोग फसलेल्या विद्यार्थ्याला वहीतले निरीक्षण खोडायला सांगण्याआधी आपण एवढेच विचारू या: या वेळी नेमके काय वेगळे केलेस?